नागपूर ते संभाजीनगर म्हणे १ तास!

डोकं फिरलंय माझं. मावशीचं ऑपरेशन झालंय संभाजीनगरला, आईला तिच्याजवळ जायचंय, आणि आईचे गुडघे असे की गाडीत सलग तास-दीड तास बसणंसुद्धा तिला जड जातं. म्हणून परवा रात्री नेटवर विमान बघायला बसलो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: अंतर ४०० किमी, उड्डाणाचा वेळ १ तास. मी मोठ्यानं वाचलं. आईनं ऐकलं, लगेच मावशीला फोन लावला, आणि संत्रा बर्फीचे दोन डबे पिशवीत भरून मोकळी झाली.

मग तिकिटाचं पान उघडलं. आम्हाला हव्या त्या तारखेला सरळ विमानच नाही! होतं काय, तर सकाळी सोनेगावहून, म्हणजे आमच्या नागपूरच्या विमानतळावरून मुंबई, तिथे दिवसभर बसून राहा, संध्याकाळी मुंबईहून चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचा विमानतळ. सगळे मिळून साडेअकरा तास. बहात्तर वर्षांच्या बाईनं विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीत दिवस काढायचा?

अरे, मग तो १ तास आणला कुठून? दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरळ रेषेत अंतर काढायचं, मोठ्या जेटच्या वेगानं, म्हणजे ताशी आठशेच्या आसपास, भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकायचा. झाला आकडा तयार. त्या मार्गावर विमान आहे का, कोणत्या वारी आहे, हे बघायची तसदी कोणी घेत नाही. आणि असल्या जवळच्या मार्गावर बहुतेक वेळा एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान असतं. ते जातं ताशी पाचशेनं. म्हणजे विमान असलं तरी हिशोब चुकलेलाच. लोक यावर विसंबून बेत आखतात हो! आजारी माणसाला भेटायचे बेत.

आणि खरा संताप पुढे आहे. नकाशा काढा, नागपूर आणि मुंबईवर पट्टी ठेवा. रेषा जवळजवळ संभाजीनगरवरूनच जाते! म्हणजे आईनं बहिणीचं गाव ओलांडून मुंबई गाठायची आणि तिथून पावणेतीनशे किमी उलटं यायचं. ४०० च्या जागी साडेनऊशे किमी, आणि पैसे दोन विमानांचे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारची स्वस्त विमानप्रवासाची उडान योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, हे आम्ही किती कौतुकानं ऐकलं होतं. पण ती मर्यादा ठरावीक मार्गांवरच्या अर्ध्या जागांना, आणि कंपनीला सरकारी भरपाई मिळणार ती तीन वर्षं. तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर बंद. मग आमच्यासारख्यांनी कशाच्या भरवशावर राहायचं? देशाचा मध्य म्हणून मिरवतो तो शून्य मैलाचा दगड आमच्या शहरात, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाची एवढी स्वप्नं दाखवली, आणि आपल्याच राज्यातल्या शहरात जायला मुंबईचे पाय धरायचे!

शेवटी गाडीच काढतोय. समृद्धी महामार्गानं साडेचारशेच्या आसपास किमी. पहाटे पाचला निघायचं, दर तासाला थांबून आईला चार पावलं चालवायचं, मागच्या सीटवर दोन उशा. काल रात्री सांगितलं तिला. ती पिशवीकडे बघत म्हणाली, "काहून रे, तासाभराचं म्हनत होता नं तू?" मावशीला परत फोन करायची हिंमत तिला होईना. तो मी केला.