सेक्टर म्हणजे खारघरचा पत्ता नव्हे

नवी मुंबईत ‘तुमचा सेक्टर कुठला?’ विचारलं की समोरचा आकडा सांगतो. शेअरबाजारातला सेक्टरही, म्हणजे कंपनी ज्या धंद्यात आहे ते क्षेत्र, लोकांना असाच पत्त्यासारखा वाटतो, एकदा कळला की काम झालं. आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: पाच वेगळ्या सेक्टरांतले पाच शेअर घ्या, जोखीम संपली. विमानतळ झाला, आता रिअल्टी (बिल्डर कंपन्यांचे शेअर) वर जाणारच. फार्माला (औषध कंपन्यांना) मंदी नसते. आणि बाँडला (म्हणजे कंपनीला व्याजाने दिलेल्या पैशाला) सेक्टर बघायची गरजच नाही, ‘एएए’ हे सगळ्यात वरचं रेटिंग असलं की झोपा निवांत. खाली अंगठ्यांची रांग.

आधी ते पाच सेक्टर. तळमजल्यावरच्या काकांनी सल्ला मनावर घेतला. निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेले. वहीत त्यांनी लिहिलं होतं: एक खासगी बँक, एक गृहकर्ज कंपनी, एक बिल्डर, एक सिमेंट, एक टाइल्स. एनएसई या शेअरबाजाराच्या वर्गीकरणात बँक आणि गृहकर्ज कंपनी दोन्ही वित्तीय सेवांतच मोडतात, म्हणजे पाचाचे तिथंच चार झाले. टाइल्स तर चक्क कन्झ्युमर ड्युरेबल्समध्ये, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या पंगतीला. कागदावर फारकत चांगलीच दिसते. पण या पाचही कंपन्यांचं बरंचसं गिऱ्हाईक एकच आहे, तळोज्यात फ्लॅट बुक करणारं जोडपं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तसा त्या जोडप्याचा हप्ता फुगला. हप्ता फारच फुगला तर बुकिंग लांबतं, गृहकर्ज अडतं, बिल्डर सिमेंट कमी उचलतो. टाइल्सवाल्याला फटका सगळ्यात उशिरा, कारण फरशी शेवटी बसते. त्यात काकांचा स्वतःचा फ्लॅट खारघरला, आणि मुलगा वाशीत एका बँकेच्या गृहकर्ज विभागात. म्हणजे घरातला पगारसुद्धा त्याच टोपलीत.

रिअल्टीचं म्हणाल तर बिल्डर कंपन्यांच्या शेअरांचा भाव मोजणाऱ्या निफ्टी रिअल्टी निर्देशांकाने जानेवारी २००८ मध्ये गाठलेली उंची २०२४ च्या तेजीतही परत गाठली नाही. त्याच काळात खारघरचे फ्लॅट कुठच्या कुठे गेले, हे इथं कुणाला सांगायला नको. फ्लॅटची किंमत वाढली की फायदा फ्लॅटवाल्याचा. बिल्डरला पुढची जमीन वाढीव भावानेच घ्यावी लागते, आणि नवी मुंबईत भूखंड बहुतेकदा सिडको या सरकारी नगरविकास कंपनीच्या निविदेतून मिळतो. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं खरं, पण तो येणार हे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. निविदा भरणाऱ्यांना नव्हतं का?

फार्माबद्दल फार बोलायला नको. २०१५ च्या उच्चांकावरून निफ्टी फार्मा मार्च २०२० पर्यंत निम्म्याच्या आसपास आला. माणसं आजारी पडायची थांबली नव्हती. अमेरिकेत जेनेरिकचे (पेटंट संपलेल्या औषधांच्या स्वस्त प्रतींचे) भाव पडले आणि तिथल्या औषध नियामकाची इशारापत्रं आली.

बाँडची ओळ मात्र खरी घातक. सेबी या बाजार नियामकाने २०२४ मध्ये एका बाँडची किमान दर्शनी (छापील) किंमत १ लाखावरून १०,००० रुपयांवर आणायला परवानगी दिली, त्यामुळे बाँड आता मोबाइलवर सहज मिळतात. पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसला २०१८ च्या मध्यापर्यंत ‘एएए’ होतं, सप्टेंबरात ‘डी’, म्हणजे पैसे थकवल्याचं रेटिंग, झालं. डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनीही २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ‘एएए’, आणि जूनमध्ये व्याज थकलं. या दोघांच्या मधल्या काळात काय झालं ते बघा. बँकेसारख्या ठेवी हाताशी नसलेल्या कित्येक वित्त कंपन्या काही महिन्यांच्या उधारीवर वीस वर्षांची कर्जं वाटत होत्या. जुनी उधारी फेडायला नवी मिळते तोवर गाडा चालतो. आयएल अँड एफएस बुडाल्यावर म्युच्युअल फंडांनी हात आखडला, आणि ज्यांची वसुली ठीक होती त्यांचाही श्वास कोंडला.

शेअरवाल्याला निदान तेजीत वाटा मिळतो. बाँडवाल्याला सेक्टर कितीही उसळला तरी ठरलेलं व्याजच, बुडताना मात्र मुद्दलाला हात. म्हणून बाँड घेताना त्या धंद्याचं सगळ्यात वाईट वर्ष काढून बघायचं: त्या वर्षी नफ्यातून व्याज सुटत होतं का?

काकांच्या वहीत तीन वर्षांचा एक एनसीडीही (शेअरमध्ये न बदलणारा बाँड) होता, गृहकर्ज कंपनीचाच. सोसायटीच्या बाकावर बसून आम्ही त्याचं माहितीपत्रक उघडलं. त्यात वर्षाच्या आत द्यायची रक्कम आणि वर्षाच्या आत यायची रक्कम यांचा तक्ता असतो. काकांनी बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले. देणं जास्त होतं.

‘अरे, ही तर आपल्या भिशीची गत,’ म्हणाले आणि वहीतली ती ओळ खोडली. टाइल्सची त्याआधीच गेली होती. बँक राहिली आहे. बिल्डरवरून अजून घरात वाद चालू आहे.