खुलासा: ‘गोल्डन अवर’ सगळीकडे तासाभराचा नसतो

सोलापुरातल्या फोटोग्राफरांमध्ये एक मेसेज फिरतोय: सूर्योदयानंतरचा एक तास सोनेरी प्रकाश (‘गोल्डन अवर’), नॉर्वेच्या लोफोटेन किनाऱ्यावरही तसाच. हे दोन्हीकडे चूक आहे. सोनेरी प्रकाश सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंश वर येईपर्यंतच टिकतो. सोलापुरात (अक्षांश १७.७) सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून जेमतेम २५-२८ मिनिटं मिळतात. लोफोटेनला (६८) तो तिरका सरकतो; मार्चअखेरीस तासाभराहून जास्त, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर जवळपास दिवसभर. डिसेंबरच्या मध्यात सूर्य उगवतच नाही, दुपारी निळसर संधिप्रकाशच असतो. जूनमध्ये मात्र तिथे सूर्य मावळतच नाही, मध्यरात्री क्षितिजालगत असतो; तेव्हा शूट करा. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) ही सोनेरी झाक पुसतो; तो हाताने ५२०० केल्विनवर ठेवा. फोटोत बर्फ राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा.