ग्रुपवर टाकलंय की!

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने जूनपासून मासिक वर्गणी 50 रुपयांवरून 75 केली. सकाळच्या पाळीत पावत्या 75च्या फाटत होत्या, संध्याकाळच्या पाळीत 50च्या. महिनाअखेरीस हिशेब जुळेना तेव्हा उलगडा झाला: संध्याकाळी देवघेवीला बसणाऱ्या बाईंना दरवाढ माहीतच नव्हती. 46 पावत्या, पावतीमागे 25 रुपये, तूट 1,150. ही रक्कम त्यांच्या मानधनातून कापायची का, यावर वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस धुमश्चक्री चालली. कापा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद एका वाक्याचा होता. "माहीत नव्हतं कसं? ग्रुपवर टाकलंय की!"

हा वाद मी टोरांटोत, स्कारबरोमध्ये बसून वाचला. पोटापाण्याचं काम ग्रंथालयातलंच असल्यामुळे डोकं जरा जास्तच तापलं.

"टाकलंय" हे क्रियापद आधी बघा. कचरा टाकतात, पत्र पेटीत टाकतात, पोरांना शाळेत टाकतात. टाकणाऱ्याचा हात रिकामा झाला की त्याचं काम संपलं. वाचनालयाच्या कारभाऱ्यांची माहितीबद्दलची सगळी समजूत या क्रियापदात आली. ठराव झाला, टाकला, सुटलो. पुढे काउंटरवर जे होईल ते काउंटरवरच्या माणसाचं नशीब.

आता तो संदेश कसा होता ते पाहू. कार्यकारी मंडळाच्या ठरावाचा फोटो. खाली एक अक्षर नाही. रात्री अकरानंतर पाठवलेला, वर कुणाचा तरी वाढदिवस, खाली सुप्रभात आणि गुलाबाची फुलं. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, त्यामुळे नंतर कुणी "वर्गणी" शब्द टाकून शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. ठरावात "पुढील महिन्यापासून" असं लिहिलेलं. ठराव मेमधला आणि फोटो जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फॉरवर्ड झालेला, मग पुढील महिना कुठला? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्याबद्दल चार दिवसांत कुणी चकार शब्द काढला नाही: 50 रुपये छापलेलं जुनं पावतीपुस्तक संध्याकाळच्या खणात तसंच होतं. बाईंनी खण उघडला आणि खणाने जे सांगितलं ते केलं. दर बदलायचा तर आदल्या रात्री जुनं पावतीपुस्तक मोजून, शेवटच्या पावतीचा क्रमांक लिहून, कपाटात कुलपात गेलं पाहिजे. माणूस विसरतो, पण खणात नसलेलं पुस्तक फाडता येत नाही.

"उद्या" हा शब्द तर अशा सूचनांतून हद्दपारच करायला हवा. "उद्या वाचनालय बंद राहील." हा संदेश सोमवारी निघतो, मंगळवारी कुणीतरी पुन्हा पाठवतं, आणि बुधवारी वाचक बंद दाराऐवजी उघड्या दाराकडे बघून गोंधळतो. आज, उद्या, परवा, पुढचा आठवडा, लवकरच हे सगळे शब्द बाद. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. दोन्ही अशासाठी की लिहिणाऱ्याची चूक झाली तर वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नाहीत आणि वाचणारा लगेच पकडतो.

मंडळाला जे सांगायचं होतं ते असं लिहिता आलं असतं: "रविवार, 1 जून 2025 पासून मासिक वर्गणी 75 रुपये. वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेल्यांना मुदत संपेपर्यंत फरक नाही. अनामत आहे तीच. नवीन पावतीपुस्तक खणात आहे. वाचकाने हरकत घेतली तर सांगावे: मंडळाचा ठराव आहे, लेखी द्या, मी पोचवते. शंका असल्यास कार्यवाहांना संध्याकाळी फोन करावा." काय बदललं, कधीपासून, कुणाला लागू नाही, वाचकाला नेमक्या कोणत्या शब्दांत सांगायचं, अडलं तर कुणाला विचारायचं. यातला चौथा भाग सगळीकडेच गळतो. निर्णय घेणारे चहा पीत निर्णय घेतात, शिव्या खातो काउंटर. त्या माणसाच्या तोंडी द्यायचं वाक्य ठरवून देणं एवढी तरी सभ्यता हवी.

इकडे मार्च 2022मध्ये टोरांटो पब्लिक लायब्ररीने उशिराचा दंड पूर्ण बंद केला. लहान मुलांचा दंड त्याआधीच गेला होता. शहरभर 100 शाखा. ऐकायला सोपं, दंड नाही. पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर येणारे प्रश्न वेगळेच असतात. माझे मागचे साचलेले पैसे? माफ. पुस्तक हरवलं तर? त्याची किंमत भरावी लागेल. मग तारखेला अर्थ काय उरला? वाचकांपर्यंत बातमी जाण्याआधी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं काउंटरवरच्या माणसाला पाठ हवीत. बातमी आधी पेपरात आणि मग कर्मचाऱ्याला, असा क्रम झाला की तो कर्मचारी वाचकासमोर मूर्ख ठरतो. एकदा तसं झालं की पुढे तो काहीही खात्रीने सांगत नाही, प्रत्येक प्रश्नाला "ऑफिसात विचारा" म्हणतो. आपल्याकडच्या "मला माहीत नाही, सर आल्यावर या"चा उगम नेमका इथे आहे. लोक त्याला आळस म्हणतात.

माझ्या माहितीतल्या इकडच्या शाखांत दार उघडायच्या आधी दहा मिनिटं उभ्या-उभ्या बोलणं होतं. आज कोण नाही, कोणत्या तासाला काउंटरवर कोण, प्रिंटर चालू का, मार्च ब्रेकचा, म्हणजे शाळांच्या मार्चमधल्या सुट्टीचा, कार्यक्रम खालच्या खोलीत की वर, टॅक्स क्लिनिकची, म्हणजे कराचं विवरणपत्र भरायला मदत करणाऱ्या शिबिराची, नावं भरली का, बर्फामुळे डिलिव्हरीचा ट्रक येणार की नाही. बसून बोललं की मीटिंग होते आणि मीटिंग लांबते, म्हणून उभ्याने. आठवड्याचं वेळापत्रक तासातासाचं, निदान पंधरा दिवस आधी भिंतीवर. त्यात बदल झाला तर नवा कागद लावायचा आणि जुना फाडायचा. जुना राहिला तर दोन्ही खरे मानले जातात, आणि एका तासाला काउंटरवर तिघं आणि पुढच्या तासाला कुणीच नाही, असा प्रकार होतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा अपेक्षित उत्तर आलं. "तुम्हाला काय, तिकडे बसून बोलायला." पाठोपाठ आकडे आले, आणि आकडे खरे आहेत. महाराष्ट्रात 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत बसतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. मध्यंतरी अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे 30,000 चे 48,000 झाले. त्यातला निम्मा वाटा पगारावर. म्हणजे 24,000, म्हणजे महिन्याला 2,000 रुपये. "दोन हजारांत ग्रंथपालाने दहा मिनिटं आधी यायचं आणि उभं राहून मीटिंग करायची? कुणाबरोबर? एकटाच तर आहे!" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासाच्या हिशेबाने पगार आणि युनियनचा करार असलेल्या माणसाने फुकट वेळेची अपेक्षा सांगायची, हे बरं दिसत नाही. तेवढं मी मागे घेतो.

बाकीचं मागे घेत नाही, कारण बाकीच्याला पैसे लागतच नाहीत. मी मागतोय ती गोष्ट टोरांटोची नाहीच. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे: सूचना वही. गणिताच्या तासाला शिपाईमामा दारात उभे, हातात लाल पाठीची लांबट वही. बाई फळ्याकडचं तोंड वळवून वाचायच्या, वाचून दाखवायच्या, सही करायच्या, आणि वही पुढच्या वर्गात. तारीख, मजकूर, मुख्याध्यापकांची सही, खाली प्रत्येक शिक्षकाची सही. कुणाची सही नाही ते एका नजरेत दिसायचं आणि मामा त्याच वर्गात परत यायचे. इथे पाठवणाऱ्याचं काम शेवटची सही येईपर्यंत संपत नाही. इकडच्या शाखांत काउंटरखाली फाइल असते, त्यातल्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं टाकतात. वहीच ती. फक्त इकडे तिच्यावर प्रशिक्षण असतं आणि तिकडे ती माळ्यावर गेली.

आपल्या वाचनालयांना तर ती जास्त लागते. सकाळी तीन-चार तास, संध्याकाळी तीन-चार तास अशा दोन पाळ्या, मधे दुपारचं कुलूप. सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस महिनोन् महिने भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये असतं ते फक्त टेबल. म्हणून वही टेबलावरच हवी, कार्यवाहांच्या घरी नाही. डाव्या पानावर मंडळाच्या सूचना, प्रत्येकीला क्रमांक आणि "या तारखेपर्यंत लागू". उजव्या पानावर पाळी संपताना तीन ओळी: काय अर्धवट राहिलं, कोणता वाचक काय विचारून गेला, काय बिघडलं. लिहिणारा एकच ठरवलेला, नाहीतर सगळ्यांनी लिहायचं म्हणजे कुणीच नाही. ग्रुप ठेवायचा तर कर्मचाऱ्यांचा वेगळा ठेवा, फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असा, आणि त्यात वहीतला क्रमांक घालूनच लिहा. दोन्हींत फरक पडला तर वही खरी.

प्रकल्पांची गत वेगळी. सेवा आणि वेळा निदान सांगितल्या तरी जातात, प्रकल्पाचं उद्घाटन होतं आणि मग शांतता. समजा 40,000 पुस्तकांना बारकोड लावायचे आहेत. दोन माणसं, माणशी दिवसाला 200, म्हणजे कामाचे 100 दिवस, चार महिने. या चार महिन्यांत 891.46च्या, म्हणजे दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा जो क्रमांक आहे त्या, कपाटांपैकी कोणतं तरी कायम रिकामं असणार, कारण पुस्तकं मागच्या खोलीत. वाचक कादंबरी मागतो, दाखलनोंदीत ती आहे, कपाटात नाही, देवघेवीवाला "हरवली असेल" म्हणतो. आठवड्याला एक ओळ पुरते: "शनिवार, 14 जून. कथा संपल्या, कादंबरी सुरू. हवं असलेलं पुस्तक मागच्या टेबलावरून काढून देता येईल, चिठ्ठी ठेवावी." निर्लेखनाच्या वेळी हे आणखी नाजूक. कोणती पुस्तकं काढून टाकायची याचा निकष काउंटरला माहीत नसेल, तर गावात रद्दीवाल्याचा टेम्पो आला की "वाचनालय पुस्तकं विकतंय" ही बातमी वाचकच त्याला सांगतो.

सोयीचं तेवढंच तिकडचं सांगतो, असा आरोप माझ्यावर झाला. म्हणून गैरसोयीचंही सांगतो. 28 ऑक्टोबर 2023ला टोरांटो पब्लिक लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. वेबसाइट गेली, वाचकांची खाती गेली, शाखांतले सार्वजनिक संगणक आणि छपाई बंद. शाखा मात्र उघड्या राहिल्या. परत आलेली पुस्तकं जमा करून घेता येईनात, तेव्हा ती ट्रेलरांत भरून ठेवली, दहा लाखांच्या आसपास. गाडी रुळावर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. खंडणी दिली नाही. चोरीला गेली ती माहिती 1998पासूनच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांची. कर्मचाऱ्यांना माहिती द्यायच्या गप्पा मारणाऱ्या शहराची ही अवस्था. यंत्रणा बंद पडली की कागदाचं महत्त्व कळतं: कागदावर छापलेली फोन नंबरांची यादी, सेवांचा तक्ता, हाताने लिहायचे देवघेवीचे तक्ते. हे आधी छापून ठेवलं असेल तरच उपयोगी, कारण प्रिंटरही त्याच नेटवर्कवर असतो. तेव्हा मला माळ्यावरच्या वहीची आठवण झाली, आणि थोडं बरंही वाटलं, ते चांगलं नव्हे.

वादाच्या चौथ्या दिवशी कार्यवाहांनी ब्रह्मास्त्र काढलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला संदेश कुणी-कुणी वाचला ते दिसतं. त्या यादीचे फोटो त्यांनी ग्रुपवर दिले. 41 जणांनी वाचलेलं. "आता बोला!"

मी ती नावं एकेक करून पाहिली. मंडळाचे सगळे. निवृत्त शिक्षक. पुण्याला मुलाकडे गेलेले. दुबईतला एक, अमेरिकेतले तिघं. बाईंचं नाव नव्हतं, त्यांच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं हे त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. आणि त्या 41मध्ये माझं नाव होतं. मी आजीव सभासद आहे, पण तिथून पुस्तक नेलेल्याला खूप वर्षं झाली. तिकडे सकाळी आठला पडणारी सूचना माझ्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेदहाला येते, त्यामुळे "उद्या वाचनालय बंद" यातला उद्या माझ्यासाठी अनेकदा परवा असतो. तरी प्रत्येक संदेश उघडतो. वर्गणी 75 झाली हे मला बाईंच्या आधी कळलं होतं. ज्याला कुणाची पावती फाडायची नाही, ज्याच्यासमोर वाचक येऊन उभा राहणार नाही, त्याच्या निळ्या खुणेचा बाईंविरुद्ध पुरावा झाला. आणि यादीत स्वतःचं नाव दिसल्यावर पहिल्यांदा राग आला नव्हता. अजून तिथे आपली मोजदाद होते, असं वाटून गेलं होतं.

ग्रुप सोडावा असं दोनदा मनात आलं. सोडला नाही. दिवाळी अंक योजनेची सूचना कधी येते ते बघायचं आहे.