काळजी करू नका, श्वास चालू आहे

गेल्या मंगळवारी मला श्रद्धांजली वाहण्यात आली. मी तेव्हा पेरू देशातल्या पुनो गावी हॉटेलच्या पलंगावर पडून कोकाच्या पानांचा चहा पीत होतो आणि माझ्या समजुतीप्रमाणे बऱ्यापैकी जिवंत होतो. 'गोतावळा' या आमच्या खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलत मेहुण्याने आधी जोडलेले हात टाकले, मग 'भावपूर्ण' लिहिलं, मग पुढचा शब्दही लिहिला आणि दोन मिनिटांनी सगळं खोडलं. तोवर अकरा जणांचं वाचून झालं होतं. त्यातल्या दोघांनी खाली 'ॐ शांती' घातलं होतं. ते अजून तसंच आहे.

मेहुण्याचा तसा दोष नाही. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले, माणूस अर्धवट झोपेत, आणि फोटोच तसा होता. त्याखाली मावशीने स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं : 'काळजी करू नका, श्वास चालू आहे.'

मावशी एकाहत्तर वर्षांची. तिला माचू पिचू बघायचं होतं, तिची मुलं कामात होती, मी सापडलो. माचू पिचू झालं. तिथल्या कुस्को शहरातून पुनोला जायला रात्रीच्या साध्या बस आहेत, गपचूप झोपून पोचवणाऱ्या. पण मी हौसेने निवडली ती दिवसाची गाइडवाली बस : सुमारे ३९० किलोमीटर, दहा तास, वाटेत डोंगराळ मुलखातली चार सांस्कृतिक स्थळं आणि एक जेवण. 'मावशी, नुसतं पोचायचं नाही, बघत जायचं,' हे वाक्य माझंच. लेखी पुरावा ग्रुपवर आहे.

खबरदारी मी पुरेपूर घेतली होती, फक्त ती सगळी मावशीची घेतली होती. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. तीन दिवस कुस्कोत ३४०० मीटरवर दर तासाला तिचं बोट चिमट्यात धरून आकडा वहीत लिहिला. उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, २१ टक्के, फक्त दाब कमी असतो म्हणून एका श्वासात कमी मिळतो, यावर मी तिला नाश्त्याच्या वेळी व्याख्यानही दिलं. ती म्हणाली, 'बरं.' स्वतःचं बोट मी एकदाही चिमट्यात घातलं नाही. मी दर पावसाळ्यात किल्ले चढणारा माणूस. माझ्या बोटाला काय विचारायचं?

गाइड सगळं दोनदा सांगायचा, आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. विनोदसुद्धा. बसची स्पॅनिश अर्धी बाजू खळखळून हसायची, आणि तो विनोद थंड झाल्यावर आमच्या पानात पडायचा. दहा तास शिळं हसणं सोपं नसतं. शिवाय पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी पहिल्या पाच मिनिटांतच सीट मागे टाकून आपलं टक्कल माझ्या मांडीवर ठेवलं होतं.

पहिलं स्थळ आंदावायलियास. बाहेरून साधं मातकट चर्च, आत गेलं की छतापासून भिंतीपर्यंत रंग आणि सोनं. सतराव्या शतकातलं. दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर लुईस दे रियान्यो या चित्रकाराने दोन वाटा काढल्यात : स्वर्गाची अरुंद, काट्याकुट्यांची, नरकाची रुंद आणि फुलं पसरलेली. तिथेच एका दारावर बाप्तिस्म्याचं वचन पाच भाषांत लिहिलंय : लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना. यातली पुकिना आता कोणीच बोलत नाही. मला गलबलून आलं. एक अख्खी भाषा मेली आणि तिचं एक वाक्य दारावर टांगलेलं राहिलं. मावशीही बराच वेळ त्या दाराकडे बघत होती. मग म्हणाली, 'पाच भाषांत लिहिलंय, पण चपला कुठे काढायच्या ते एकाही भाषेत नाही.' एवढ्यात गाइडने टाळ्या वाजवल्या, 'अमिगोस, बस!' आणि आम्ही त्या रुंद वाटेने बाहेर पडलो.

दुसरं राक्ची. इंकांच्या विराकोचा देवाचं मंदिर, ९२ मीटर लांब. आता मधली भिंत तेवढी उभी आहे, खाली घोटीव दगड, वर कच्च्या विटा, आणि पाऊस लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर कौलांची टोपी. बाजूला गोल गोल कोठारांच्या रांगाच रांगा. गाइड 'कोल्का' म्हणजे काय ते दोन भाषांत समजावत होता, तेवढ्यात मावशी 'कणग्या' म्हणून मोकळी झाली. तिथे आम्हाला अर्धा तास दिला होता, आणि बसमधल्या निम्म्या लोकांनी तो शौचालयाच्या रांगेत घालवला. बायका मडकी मांडून बसल्या होत्या, त्यांना प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता आणि त्या न बोलता एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. या बसच्या पत्रकावर 'सांस्कृतिक' हा शब्द मी सहा वेळा मोजला होता. मला वाटतं तो काढून 'प्रसाधनगृहासह' एवढंच ठेवलं तरी चाललं असतं. आणि मी कुठल्या तोंडाने बोलतोय? त्या रांगेत मी सातवा होतो.

सिकुआनी गावातल्या जेवणात मी दोनदा वाढून घेतलं. तेही लिहून ठेवतो, कारण मावशी ते सगळ्यांना सांगणारच आहे.

मग ला राया. कुस्को आणि पुनो या दोन प्रांतांमधली खिंड, ४३०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाई अडीच वेळा एकावर एक रचली तरी ही वरच राहते. समोर बर्फाचं शिखर. इथल्या एका उताराचं पाणी विल्कानोता नदीतून अमेझॉनकडे जातं, दुसऱ्या उताराचं तितिकाका सरोवराकडे. दहा मिनिटांचा थांबा. मी खाली उतरलो, हात पसरले, छाती भरून श्वास घेतला आणि वाऱ्याने माझी टोपी उडवली.

मी धावलो.

वीस पावलं असतील. टोपी एका अल्पाकाच्या, म्हणजे तिकडच्या लांब मानेच्या लोकरीच्या जनावराच्या, पुढ्यात जाऊन पडली. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्याच्या डोक्यात काही नाही त्याच्या डोक्यावरच्या वस्तूत आपल्याला रस नाही अशा थाटात मान फिरवली. मी वाकलो. वर आलो नाही. म्हणजे गुडघे जमिनीवर आले आणि बाकीचा मीही त्यांच्यामागून आलो. मग ड्रायव्हर आणि गाइड यांनी बखोट्याला धरून मला सीट नंबर चौदावर नेऊन ठेवलं. हिरवी नळकांडी आली, नाकातोंडावर मास्क चढला, आणि माझंच ऑक्सिमीटर माझ्याच बोटाला लागलं. आकडा चौऱ्याहत्तर. मावशीने वहीत लिहून घेतला. तिचा होता सत्त्याऐंशी.

'पडून राहा,' ती म्हणाली, 'मी जरा शाली बघून येते.'

यानंतरचं सगळं मी काचेतून आणि उघड्या दारातून पाहिलं. मला बोलता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातली ही पहिली घासाघीस, जिच्यात मला 'मावशी, जाऊ दे ना' म्हणता आलं नाही.

रस्त्याच्या कडेला दहा-बारा बायका शाली, स्वेटर, टोप्या मांडून बसलेल्या. त्यांतल्या साठीच्या एका बाईसमोर मावशीने बैठक मारली. बाई म्हणाली, 'कासेरिता!' ही तिकडची गिऱ्हाइकाला मारायची लाडाची हाक. मावशी म्हणाली, 'हो गं बाई, बघू दे.' बाईने एक शाल उलगडली आणि कॅल्क्युलेटरवर पन्नास सोल, म्हणजे तिकडचे पैसे, दाबून दाखवले. मावशीने चष्मा वर करून आकडा पाहिला, कॅल्क्युलेटर हातात घेतला, पुसला आणि वीस दाबले. बाई हसली. मावशी हसली नाही. बाई म्हणाली, 'बेबी अल्पाका!' तेवढ्यात गाइड तिथे पोचला आणि दिवसातून चौथ्यांदा तोच विनोद केला, 'बेबी अल्पाका की मेबी अल्पाका?' आधी स्पॅनिशमध्ये समजावून, मग इंग्रजीत.

मावशीला दोन्ही समजले नाहीत, पण संशय तिला भाषेवाचून येतो. तिने शालीच्या कडेचा एक धागा ओढून तोडला आणि ड्रायव्हरपुढे हात केला. 'काडेपेटी.' ड्रायव्हरने लायटर दिला. चाळीस वर्षं जिने रेशमाचे धागे जाळून साड्या घेतल्यात, तिला अँडीजमध्ये कोण फसवणार? धागा पेटला नाही, आकसला, वितळला आणि टोकाला काळा मणी होऊन बसला. लोकर जळली की केसांचा वास येतो. हा वास बादलीचा होता.

'प्लास्टिक!' मावशी ओरडली.

'प्लास्तिको!' शेजारच्या बायका ओरडल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. सगळ्यात जास्त विकणारीच हसली, तोंडावर हात धरून. मग तिने ढिगाच्या अगदी तळातून, जिथून खरा माल जगभर निघतो तिथून, एक राखाडी शाल काढली. तिचाही धागा जळाला. हा केसांसारखा जळाला. मावशीने मान हलवली. आता आकडा एकशे चाळीस. पुन्हा कॅल्क्युलेटर, हिच्या हातातून तिच्या हातात. एका बाजूने केचुआ, एका बाजूने मराठी, आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. गाइड मध्ये भाषांतर करायला गेला तर दोघींनी एकदमच त्याला हाताने बाजूला सारलं.

ठरलेली दहा मिनिटं केव्हाच संपली होती. बस भरली होती. पुढचे टक्कलवाले गृहस्थ घड्याळ बघून मोठमोठ्याने सुस्कारे टाकत होते, म्हणजे जी हवा मला मिळत नव्हती ती वाया घालवत होते. हेच ते गृहस्थ, ज्यांनी मघाशी अल्पाकाचा फोटो काढून सुटे मागणाऱ्या पोरीला 'सगळं बाजारू झालंय' असं सुनावलं होतं. अहो, तुम्ही दहा तासांच्या पर्यटक बसमधून उतरलात, तिच्या दारात दहा मिनिटं उभे राहणार आहात, आणि तिने मात्र बाजार करायचा नाही? मास्कच्या आतून मी त्यांना बरंच बोललो. काचेवर वाफ आली, बाकी काही नाही.

सौदा एकशे दहावर पटला. पैसे मोजून झाले, शाल पिशवीत गेली, आणि मावशी जागची हलली नाही. हात पुढेच. 'वर काय?' कोथिंबीर-मिरचीवाल्याला विचारावं तसं विचारलं. मी डोळे मिटले. समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीवर आणखी 'वर' काय मागतेस, असं म्हणायचं होतं. आणि ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, 'आह, यापा!'

गाइडने नंतर सांगितलं. यापा हा केचुआ शब्द. खरेदीवर दुकानदाराने वर घालायची ती यापा, आणि मागायचा हक्क गिऱ्हाइकाचा. बाकी कुठलाही पर्यटक ती मागत नाही, कारण त्याला माहीतच नसते. मावशीला ती माहीत होती. यापा म्हणून मिळालं बोटात घालायचं विणलेलं बाहुलं, लांब मानेचं, अल्पाकाचं.

बसमध्ये चढल्यावर मावशीने आधी सगळ्यांना हसून नमस्कार केला. वीस मिनिटं खोळंबलेली बस विरघळली, टक्कलसुद्धा. मग ती माझ्याकडे आली, 'हे तुला' म्हणून ते बाहुलं ऑक्सिमीटरशेजारच्या बोटात घातलं आणि फोटो काढला. मास्क, पांढरे डोळे, हिरवी नळकांडी, छातीवर ठेवलेला हात आणि त्यावर हसरा अल्पाका. ला रायाला रेंज नव्हती. निरोप फोनमध्ये अडकून बसला आणि जुलियाका शहराच्या रहदारीत, तीनचाक्यांच्या गर्दीत आम्ही तुंबलो असताना कधीतरी सुटला. कोणालाच कळलं नाही.

त्याआधी पुकारा हे चौथं स्थळ झालं, म्हणजे झाल्यासारखं झालं. मावशीच्या शालीची वीस मिनिटं तिथून कापली गेली. तिथल्या छोट्या संग्रहालयात इंकांच्याही कितीतरी आधीचा एक दगडी पुतळा आहे. हातात दुसऱ्याचं कापलेलं मुंडकं धरून बसलाय. नावच 'मोठा मुंडकंछाट्या' अशा अर्थाचं. मी कपाळ दाबत उभा होतो, तर मावशी म्हणाली, 'बघ, डोकेदुखीवर यांच्याकडे औषध होतं.' घरांच्या आढ्यावर मातीच्या बैलांच्या जोड्या होत्या, घराची राखण करणाऱ्या. पुकाराचे बैल म्हणून त्यांची ख्याती. मुळात ते घडायचे चेका पुपुहा नावाच्या गावी, पुकाराच्या रेल्वे स्टेशनावर विकले जायचे म्हणून नाव पुकाराचं लागलं. मला त्या चेका पुपुहाच्या कुंभारांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. सगळा प्रवास मी आखला, तिकिटं मी काढली, गोळ्या मी मोजल्या, आणि ग्रुपवर त्याला 'मावशींची पेरू सफर' म्हणतात.

तर पुनो. ३८०० मीटरच्या वर. हॉटेलातल्या पोरीने आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. मला. बॅगा मावशीने उचलल्या. मग साडेसातला माझं निधन कळलं.

मी ताबडतोब ग्रुपवर सविस्तर खुलासा लिहायला घेतला. पातळ हवा, वातदाब, तंदुरुस्तीचा याच्याशी संबंध नसतो, दणकट माणसालाही होऊ शकतं, असं सगळं. मी पाठवला त्याच क्षणी मावशीने दुसरा फोटो टाकला : राखाडी शाल पांघरून ती आणि ती बाई, मागे बर्फ. सत्तावन्न बदाम आले. माझा खुलासा वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

त्याखाली पहिला प्रश्न त्याच मेहुण्याचा. 'मावशी, शाल झकास. केवढ्याला पडली?'

मावशीने लिहिलं, 'एकशे दहा. वर एक बाहुलं मिळालं, ते याला दिलं.'