'हौशी लोकांचं खूळ' म्हणणाऱ्या वाचकास

प्रिय अनामिक वाचक,

घरच्या हवामान केंद्राचं घड्याळ संगणकाकडून आपोआप कसं लावून घ्यावं, या माझ्या लेखावर आपली सात ओळींची प्रतिक्रिया आली. नाव लिहायचं आपण टाळलंत, तो आपला हक्क. प्रतिक्रिया काढून टाकायचा हक्क मलाही होता. तो मी वापरलेला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दर तासाला कन्सोलचं, म्हणजे केंद्राचे आकडे दाखवणाऱ्या डब्याचं, घड्याळ हलवलं की नोंदी दुप्पट होतात किंवा गळतात, असं आपलं म्हणणं. त्यापेक्षा नोंदीवर संगणकानेच वेळेचा शिक्का मारावा. मुळात संगणकाचं घड्याळ बरोबर आहे का, हे आधी तपासायला मी सांगितलेलं नाही. स्फटिकाचा आकडाही मी चुकवलाय. आणि मग ते वाक्य: "महिन्यातून एकदा भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तरी पुरतं, सेकंदांमागे धावणं हे हौशी लोकांचं खूळ आहे."

आकडा चुकला, मान्य. ३२,७६८ च्या जागी ३२,७८६ छापलं गेलं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, कारण पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो. हे मला माहीत होतं, माझ्या बोटांना नव्हतं. चूक ती चूक, दुरुस्त केली. मी चुका मान्य करत नाही असं कुणी म्हणू नये.

आता खूळ.

भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहायचं म्हणता. त्या घड्याळात काय असतं? बहुतेक वेळा तोच, त्याच जातीचा स्फटिक. म्हणजे एका चुकणाऱ्या घड्याळाची साक्ष दुसऱ्या चुकणाऱ्या घड्याळाने काढायची. असल्या स्फटिकाला सर्रास दहा लाखांत २० भागांची सूट धरलेली असते. ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब केला की दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० सेकंदांच्या वर, वर्षाला दहा मिनिटं. त्यात भर तापमानाची. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. तिथून २० अंश वर जा नाहीतर २० अंश खाली, दोन्हीकडे तो मागेच पडतो, दिवसाला एक-सव्वा सेकंद. म्हणजे उन्हाळ्यात मागे पडला तो हिवाळ्यात पुढे जाऊन भरपाई करेल, ही आशाही नाही. कन्सोल खिडकीपाशी ठेवलेला असेल तर विचारूच नका.

हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. चौदा वर्षं मी नोंदी ठेवतोय. सुरुवातीला वही, पेन आणि कमाल-किमान तापमापक, नोंदी आपोआप साठवणारा लॉगर नंतर आला. आणि महिन्यातून एकदा ताडून पाहायचा आपला तो उपाय, तो मीही केलाय. पहिल्या महिन्यात पाहिलं. दुसऱ्या महिन्यात "उद्या बघू" म्हटलं. तो उद्या तेरा महिन्यांनी उगवला.

उगवला तो एका वादळामुळे. माझ्यापासून चार किलोमीटर पश्चिमेला एका मित्राचं असंच केंद्र आहे. संध्याकाळी पश्चिमेकडून गडगडाट आला, वाऱ्याचा झोत आला, वायुदाबाने टुणकन उडी घेतली, तापमान धाडकन उतरलं. दोन्ही केंद्रांवरच्या उडीच्या वेळा घेतल्या की झोताचा वेग काढता येतो, म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने आकडे जुळवायला बसलो. निघालं काय, तर झोत माझ्याकडे पाच मिनिटं आधी पोचला आणि मग मित्राकडे गेला! वादळ पश्चिमेकडून येताना आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि कागदावर ते पूर्वेकडून आलेलं. माझं घड्याळ ११ मिनिटं मागे होतं. तेरा महिन्यांच्या नोंदींमध्ये कुठली किती मागे, हे आज कुणीही सांगू शकत नाही, कारण घसरण रोज सारखी नसते. मित्र अजूनही त्या वादळाला 'तुझं उलटं वादळ' म्हणतो.

दर महिन्याला न चुकता पाहणारा माणूस असेलही कुठे. आपणच असाल कदाचित. मी तसा नाही, म्हणून ते काम सॉफ्टवेअरकडे दिलं. यात खूळ कुठे आलं?

आणि 'हौशी' ही शिवी कधीपासून झाली? ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं १८०२ मध्ये सुचवणारा ल्यूक हॉवर्ड पोटापाण्यासाठी औषधं बनवत होता, ढग ही त्याची हौस. जगभरातले असंख्य संगणक आज ज्यांच्याकडून वेळ विचारून घेतात, तो एनटीपी (नेटवरून घड्याळं जुळवायची पद्धत) सर्व्हरांचा सामायिक ताफा २००३ पासून बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. ही प्रतिक्रिया आपण ज्या यंत्रावरून लिहिलीत, त्याचं घड्याळही कदाचित कुणा हौशी माणसाच्या सर्व्हरनेच लावलेलं असेल. इथून पुढे मी 'तुम्ही' म्हणतो. 'आपण' लिहिताना मलाच खोटं वाटायला लागलंय.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत, भराभर उरकतो.

नोंदी दुप्पट होतात? होतात. घड्याळ पुढे गेलेलं असेल, पाच मिनिटांची नोंद नुकतीच पडली असेल आणि तेवढ्यात ते मागे घेतलं, तर तीच सीमा पुन्हा येते आणि त्याच वेळेची दुसरी नोंद पडते. वेळ हीच ज्याची किल्ली आहे, म्हणजे एका वेळेची एकच नोंद ठेवतो, असा डेटाबेस ती दुसरी नोंद नाकारतो. संगणकाचं स्वतःचं घड्याळ एनटीपी हळूहळू सरकवू शकतं, एका सेकंदाची भरपाई अर्ध्या तासात वगैरे. माझ्या कन्सोलला मात्र 'ही घे वेळ' एवढी एकच आज्ञा कळते, त्यामुळे उडी अटळ. म्हणून मी ते दर तासाच्या सातव्या मिनिटाला लावतो, सीमेपासून दूर. लेखात हे नाही, कारण लेख आधीच लांबला होता. शिवाय मी 'दर तासाला' लिहिलंय, 'तासाच्या ठोक्याला' नव्हे. वाचता येणाऱ्याला फरक कळतो. वीडब्ल्यूएक्ससारखं सॉफ्टवेअर तर मूळ सेटिंगमध्ये दर ४ तासांनी नुसतं तपासतं आणि फरक ५ सेकंदांच्या वर गेला तरच घड्याळाला हात लावतं. ते मला ठाऊक नव्हतं असं समजू नका.

संगणकानेच शिक्का मारावा? आणि संगणक बंद असेल तेव्हा? लॉगर घेतात तो त्याचसाठी. डेव्हिस कंपनीच्या लॉगरमध्ये २,५६० नोंदी मावतात, पाच मिनिटांच्या हिशेबाने जवळजवळ नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत शिक्का कन्सोलच्याच घड्याळाचा पडतो. तुमच्या उपायाला तिथे उत्तर नाही. निदान सात ओळींत तरी दिसलं नाही.

राहिलं संगणकाचं घड्याळ आधी तपासायचं. हे मला शिकवू नका, मी ते भोगलंय. पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक मी या कामाला लावला होता. त्याच्यात घड्याळाची बॅटरीच नव्हती. वीज गेली आणि तीन तासांनी आली. नेट यायच्या आधी तो तीन तास जुनी वेळ धरून उठला आणि इमानदारीत कन्सोललाही तीच वेळ लावून मोकळा झाला. लॉगर वेळ सांभाळून बसला होता, त्याचं घड्याळ संगणकाने बिघडवलं. त्या रात्रीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून एनटीपीकडून खरी वेळ आल्याशिवाय माझा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. हे लेखात का नव्हतं, हा प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायची एक पद्धत असते.

लेखात आज तीन बदल केलेत. आकडा सुधारला. 'तासाच्या ठोक्याला नको' अशी ओळ घातली. 'संगणकाची वेळ आधी पाहा' हा परिच्छेद नव्याने घातला. शेवटचे दोन तुमच्यामुळे नाहीत, आणखी दोघांनी तेच विचारलं होतं. त्यांनी नावं लिहिली होती.