बॉनेटवरचा चहा

परवा नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "साहेब, गाडीला हुडहुडी भरलीय का?" भर मे महिन्यात. मी ताबडतोब काच वर केली. ती नेहमीप्रमाणे अर्ध्यातच अडकली, त्यामुळे त्याचं हसणंही ऐकावं लागलं.

गाडी २०११ ची, डिझेल. पळताना गुणी, उभी राहिली की आरशांसकट थरथरते. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड पी०४०२, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा तो परत इंजिनात वळवतो; आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. काजळी धरून तो उघडाच अडकला की नको तितका धूर आत. निदान झालं, विषय संपला.

पण तिथे एक काका होते. त्यांची स्कूटर केव्हाच तयार होती, तरी बसलेले. "थांबा," म्हणत त्यांनी हातातला कटिंगचा ग्लास माझ्या चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि चष्मा वर करून चहात बघू लागले. चहावर बारीक वर्तुळं उठत होती.

"माउंटिंग गेलंय."

"काका, स्कॅनरमध्ये तर..."

"स्कॅनर आत्ता आले हो!" ग्लास डावीकडे सरकायला लागला. "बघा. तिसरा सिलिंडर."

"सिलिंडर तर झालेच ना चेक."

"मग चौथा."

ग्लास पडायच्या बेतात आला तसा त्यांनी उचलला, उरलेला चहा संपवला आणि निकाल दिला, "विकून टाका." बॉनेटवर चहाचं कडं राहिलं. मेकॅनिक मान डोलावत होता! स्कॅनरचे पैसे मी याला दिले होते.

वर त्याचा सल्ला: "साफ करतो, पण परत चोकअप होणार. पत्रा मारून बंदच करू ना. सगळे करतात."

"आणि पीयूसी?"

"उलट मस्त पास होईल."

चीड याची येते की तो खरं बोलत होता. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड कुणी विचारत नाही. ईजीआर बंद केला की काजळी घटते, तो वायू वाढतो आणि सर्टिफिकेट झकास येतं.

मी हट्टाने साफच करून घेतला. आतून चमचा-चमचा काळा चिखल निघाला. पीयूसीवाल्याने रेस दिली, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "पास आहे, पण काठावर. ईजीआर बंद करून घ्या की साहेब."