लाजवणं आणि बेज्जत करणं एकच आहे म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, तुमची कमेंट वाचली. रात्रीच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं पुसून टाकलं आणि आता शांत डोक्याने लिहितोय.

मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हागणदारीमुक्तीच्या नावाखाली गुड मॉर्निंग पथकाने (उघड्यावर संडासला जाणाऱ्यांना पहाटे गाठणारं सरकारी पथक) आमच्याकडच्या बायामाणसांना पहाटे रस्त्यात अडवून हार घातले, फोटो काढले. त्याला "गावकऱ्यांना लाजवलं" म्हणू नका, ती बेज्जती होती, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की लाजवणं म्हणजेच बेइज्जत करणं, मी शब्दाचा कीस पाडून लोकांना भावनिक करतोय. पथक नसतं तर खेड्यातल्यांनी मरेपर्यंत संडास बांधले नसते. गाडगेबाबासुद्धा लोकांना चारचौघात फैलावर घ्यायचे. आणि "तुमच्यासारखे लोक" शहरात बसून गावाचा पुळका आणतात, मागच्या पोस्टमधल्या मोठ्या मायची, म्हणजे पथकाने अडवलेल्या आजीची, गोष्ट खरी असेल तर फोटो दाखवा.

पहिले हे "तुमच्यासारखे लोक". कोणासारखे सर? मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातच राहतो, घरी तूर-हरभऱ्याची शेती आहे, आणि हे उत्तर गावातूनच टाइप करतोय, रेंज गेली की थांबावं लागतं. तुम्ही स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात पथकात काम केलं असं लिहिता. मग तुमच्याकडे सांगण्यासारखं कितीतरी असेल, ते सोडून तुम्ही माझी जात-कुळी काय, मी कुठे बसतो, यावर निम्मी कमेंट घालवली. पन्नाशीतल्या शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. पथकाच्या धाकाने आमच्याकडेही काही घरी संडास उभे झाले. मागच्या पोस्टमध्येही मी ते नाकारलं नव्हतं, नीट वाचा.

आता तुमचं ते एक वाक्य, "लाजवणे म्हणजेच बेइज्जत करणे". सर, "लाजवणं" हा शब्द मी पुस्तकातून नाही उचलला, आजोबांच्या तोंडून ऐकलाय. ते लहान असताना गाडगेबाबा गावात आले होते. कोणाला सांगावा नाही, काही नाही. लोक उठायच्या आत बाबा खराटा घेऊन गल्ली झाडायला लागले. आमच्या दारासमोरची घाण त्यांनी झाडली, नाली हाताने मोकळी केली. पणजोबा बाहेर आले, पाहिलं, आत गेले आणि दुसरा खराटा घेऊन आले. बाबा त्यांना एक शब्द बोलले नाहीत. आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी म्हणायचे, "बाबानं आमाले लाजवलं रे!" आणि हे म्हणताना त्यांची छाती फुगायची. ज्याची बेज्जती झाली तो माणूस नातवंडांना गोळा करून ती गोष्ट सांगतो का? तो तर ती गोष्ट मरेपर्यंत लपवतो.

आमच्याकडे अजूनही सत्तरीतल्या माणसाबद्दल म्हणतात की पोट्ट्यांना लाजवेल असा शेतात डवरा हाणतो बुढा. त्या वाक्यात "बेज्जत करेल असा" घालून पाहा, वाक्यच होत नाही. लाजवणारा स्वतः काहीतरी करून दाखवतो आणि समोरचा आपल्याच मनात खाली मान घालतो, त्याला कोणी मान धरून वाकवत नाही. बेज्जतीला मात्र बघे लागतात, हार लागतो, मोबाइल लागतो. तुम्हाला यात फरक दिसत नसेल तर तो दिसायला तुम्ही त्या हाराच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला पाहिजे होतं.

मोठी माय उभी होती. उन्हाळ्याचे दिवस, पांदणीच्या तोंडाशी गाडी, हेडलाइट चालू. मोठी माय आणि तिची सून परत येत होत्या. शिट्टी वाजली. सुनेने टमरेल पदराखाली घेतलं आणि तोंड गाडीकडून फिरवलं. एकाने झेंडूचा हार पुढे केला, दुसऱ्याने मोबाइल धरला, तिसरा म्हणाला, आजी, इकडे बघा. मोठ्या मायनं हार दोन्ही हातांनी अडवला, गळ्यात पडू दिला नाही, झटापटीत झेंडू तुटून खाली पडले आणि टाळ्या वाजल्या. दुपारपर्यंत फोटो ग्रुपवर होता आणि संध्याकाळी तिच्या माहेरी पोचला. घरी येऊन ती चुलीसमोर बसली आणि म्हणाली, "माही बेज्जती केली रे बावा त्यायनं." लाजवलं नाही म्हणाली ती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण कोणता शब्द कुठे लागतो हे तिला तुमच्यापेक्षा बरोबर समजतं.

आणि तिच्या घरी संडास का नव्हता हे त्या सकाळी कोणी विचारलं का? खड्डा खोदलेला होता. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्याची बाजू ढासळली. 12000 रुपये अनुदान मिळायचं ते बांधून झाल्यावर, फोटो दिल्यावर. आधी लावायला पैसा आणायचा कुठून, सावकाराकडून? आणि हा पूर्णेचा खारपाणपट्टा आहे सर, विहिरीचं पाणी खारं, उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा भरवसा नाही, प्यायचं पाणी बायका डोक्यावर आणतात. त्या पाण्यातलं किती संडासात ओतायचं हा हिशेब जिला रोज करावा लागतो तिला "आळशी आणि निर्लज्ज" म्हणणं, हे तुमचेच शब्द आहेत कमेंटमधले, मला ते वाचवेनात.

तुमच्या पथकाकडे दंड होता ना? पोलीस कायद्याखाली 1200 रुपयांपर्यंत दंड होईल असं तुम्ही लोक गावोगाव सांगत फिरायचे. मग पावती फाडायची होती. दंड भरलेली बाई दुसऱ्या दिवशी निंदायला जाऊ शकते, फोटो निघालेली जात नाही. मोठी माय किती तरी दिवस घराबाहेर पडली नाही.

गाडगेबाबांचं तुम्ही मध्ये आणलं म्हणून बोलतो, नाहीतर तुमच्याशी त्यांच्यावर बोलायची इच्छा नाही. ते कडक बोलायचे, हो. दारूवर बोलायचे, कर्ज काढून लग्न करणाऱ्यावर, देवापुढे बकरं कापणाऱ्यावर बोलायचे. पण ते अख्ख्या गर्दीला प्रश्न विचारायचे आणि उत्तर गर्दीकडूनच काढून घ्यायचे. 8 नोव्हेंबर 1956 चं बांद्र्याचं कीर्तन, त्यांचं शेवटचं, त्याचं रेकॉर्डिंग मिळतं. ऐका एकदा. आणि बोलायच्या आधी त्यांनी ते गाव झाडलेलं असायचं. तुमच्यापैकी कोणी गाडीतून उतरून एक तरी खड्डा खोदून दिला का? 2000-01 मध्ये राज्याने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, त्या नावाखाली आमच्याच जिल्ह्यात हे व्हावं याचा मला आजही त्रास होतो. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्यापासून दूर नाही.

बांगलादेशचं उदाहरण तुम्ही दिलं, की लाज आणूनच तिथली गावं सुधारली. स्वच्छतेच्या कामातले कमल कर यांनी 2000 साली तिकडे जी पद्धत सुरू केली त्यात अख्खं गाव मिळून आपलीच घाण बघायला जातं आणि काय करायचं ते गावच ठरवतं. एका बाईला अंधारात एकटं गाठणं आणि हे, दोन्ही तुम्ही एकाच ओळीत लिहून मोकळे झालात.

एप्रिल 2018 ला ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, पुरस्कार मिळाले वगैरे जे तुम्ही लिहिलंय त्यावर मला वाद घालायचा नाही. बोर्ड आमच्याही गावाला लागला आहे. त्यातल्या किती संडासात आज कुटार आणि तुराट्या भरल्यात ते गावात येऊन पाहा, चहा पाजीन.

राहिला फोटो. तो माझ्याकडे आहे आणि मी तो दाखवणार नाही. पुरावा पाहिजे म्हणून कोणीही तो शोधून इथे टाकला तर कमेंट काढीन आणि टाकणाऱ्याला कायमचं ब्लॉक करीन, मग ते तुम्ही असा की दुसरं कोणी.